बिनबुट्ट्यांची चादर

सिस्टर,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. आपल्या खानदेशच्या कानबाईदेवीचा श्रावणातला रविवार, रात्री साडेबाराची वेळ, शिरपूरकडून जीपमध्ये आणलेला, दोरीने हात बांधलेला माणूस. एवढ्यावरून आठवलं तर बरं. नाही आठवलं तरी चालेल, तुमच्यासाठी ती एक रात्रपाळी होती.

आधी आमची चूक कबूल करतो. दादा बारा वर्षं रोज पीत होता. कापसाने दोन वर्षं मार दिल्यापासून तर सकाळी तोंड धुवायच्या आधीच लागायची. घरात कानबाई बसणार, तिच्या प्रसादाचा रोट होणार, म्हणून आम्ही भावांनी गुरुवारी रात्री बाटली मोरीत ओतली आणि बजावलं, आता एकदम बंद. केवढा पराक्रम केल्यासारखं वाटत होतं! शुक्रवारी त्याच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला. शनिवारी पहाटे झटका आला. तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली, पैसे घेतले आणि घरी पाठवलं. दारू पितो का, कधी सोडली, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता.

रविवारी संध्याकाळी दादाला मुंग्या दिसायला लागल्या. अंगावर, भिंतीवर, आईच्या पदरावर. घामाने बनियन पिळून काढावं असं झालेलं, अंग तापलेलं, डोळे भिरभिरते. बाहेर कानबाईची गाणी चालू आणि आत हा ओरडतोय. कोणी म्हणालं देवी अंगात आली, कोणी म्हणालं दारुड्याच्या घरी रोट केला म्हणून कोपली. मग भगत आला. एकवीसशे रुपये आणि एक कोंबडी घेऊन त्याने बाहेरचं असल्याचं सांगितलं आणि खाटेला बांधून ठेवा म्हणाला. आम्ही बांधलं. मी स्वतः गाठ मारली, सिस्टर.

शेवटी चुलतभावाने जीप काढली. सावळद्याच्या पुलावर दादा तापीत उडी मारायला बघत होता. नरडाणा, सोनगीर कधी मागे पडलं ते कळलंच नाही.

आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "शेवटची कधी घेतली?"

तीन दिवसांत कोणीच न विचारलेला प्रश्न. मी गुरुवार म्हणालो तशा तुम्ही बोटांवर दिवस मोजलेत आणि दादाला विचारलंत, आज वार कोणता? तो म्हणाला, "आखाजी. झोका बांधायचाय." भर श्रावणात त्याची अक्षय्य तृतीया चालू होती. तुम्ही डॉक्टरांना हाक मारलीत आणि आईकडे वळून अहिराणीत म्हणालात, "माय, याले बाहेरनं काही नई. दारू उतरी राहिनी." आईने तेव्हा प्रथमच रडणं थांबवलं.

डॉक्टरांनी पुढे काय काय दिलं ते मी सांगणार नाही, मला सगळं समजलंही नाही. ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन द्यायचं असतं आणि थरथर उतरवणारं औषध पुरेसं द्यावं लागतं, एवढं लक्षात राहिलं. अचानक दारू सोडल्यावर दोन ते चार दिवसांत असं होतं आणि त्यात माणूस दगावूही शकतो, हेही तिथेच कळलं. मोरीत ओतलेली ती बाटली आठवून माझे पाय लटपटले.

हे पत्र मात्र चादरीसाठी आहे. खाटेवर आम्ही घरून आणलेली चादर टाकली होती, मेंदी रंगावर काळ्या बुट्ट्यांची. दादा एकेक बुट्टी चिमटीत धरून उपटत होता, बोटं सोलून निघाली तरी. आम्ही त्याला दटावत होतो, मुंग्या नाहीत म्हणून. तुम्ही त्याची बोटं बघितलीत, मग चादर बघितलीत, आणि काही न बोलता आत गेलात. येताना तुमच्या पिशवीतली पांढरी चादर घेऊन आलात. इंजेक्शनने दादा जरा सैलावल्यावर कात्रीने दोरी कापलीत, बुट्ट्यांची चादर काढून पांढरी घातलीत. खिडकीच्या गजावरचा माझा टॉवेलही काढायला लावलात, कारण त्याला तो साप दिसत होता. कोपऱ्यातला दिवा रात्रभर चालू ठेवलात.

मग त्याच्या कानाशी म्हणालात, "भाऊ, मला नाही दिसत त्या मुंग्या. पण तुम्हाला दिसताहेत, तर भीती वाटणारच. मी इथेच आहे."

आम्ही सख्खे भाऊ. संध्याकाळपासून त्याला खोटं पाडत होतो.

बुधवारी सकाळी दादाने मला नावाने हाक मारली आणि भूक लागली म्हणाला. शेवभाजी मागितली, मिळाली पेज. आता गोळ्या चालू आहेत. मनाची उदासी दारूमुळे की मुळातलीच, ते महिनाभर दारूविना गेल्यावर ठरवू असं डॉक्टर म्हणाले होते. महिना झाला, तपासणीला आम्ही नेमाने जातो. गावात कोणी "उद्यापासून बंद" म्हणालं की मी आधी दवाखान्यात जायला सांगतो, नाहीतर १४४१६ ला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या टेली-मानस हेल्पलाइनला, फोन लावून देतो. लोक हसतात. हसू दे.

तुमची चादर आईने धुऊन, घडी करून पेटीवर ठेवली आहे. पुढच्या कानबाईला ती रोटासोबत तुमच्याकडे पाठवायची म्हणते. रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नसतो, याची मी आठवण करून दिली, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग ती कोन शे?"

तेव्हा त्या आठवड्यात तुमची रात्रपाळी आहे की दिवसपाळी, तेवढं कळवा.