वाइनची द्राक्षे आणि रानाची निवड

कोल्हापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

पंचगंगेकाठचे काळे रान निवडावे की हातकणंगल्याकडचा मुरमाड माळ, आणि मातीची चव वाइनमध्ये उतरते का, असे तू विचारले आहेस. चव उतरत नाही. फ्रान्समधील शाब्लीच्या चुनखडीयुक्त मातीत कालवांचे जीवाश्म सापडतात, म्हणून तिथल्या वाइनला समुद्राचा वास येतो असे रसिक सांगतात. पण मुळे पाण्यात विरघळलेले क्षार तेवढे शोषतात, दगड नव्हे, हे ॲलेक्स माल्टमन या भूवैज्ञानिकाने वारंवार मांडले आहे आणि मला ते पटते.

माती आपले काम पाण्यातून आणि उष्णतेतून करते. फ्रान्समधील बोर्दोचे संशोधक जेरार सेगँ यांनी तिथल्या मेदोक या भागातील द्राक्षमळ्यांचा अभ्यास करून दाखवले, की उत्तम वाइन देणाऱ्या जमिनींचे रासायनिक घटक निरनिराळे असले, तरी वेलीला बेताचेच पाणी मिळू देण्याचा गुण त्यांच्यात समान असतो. तिथल्या गोट्यांच्या जमिनीत पाणी झटकन निचरते आणि ती लवकर तापते, म्हणून काबर्ने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी द्राक्षाची जात तिथे साधते. बोर्दोतच पलीकडे पोमरोलच्या थंड, चिकण मातीत मर्लो ही लवकर पिकणारी जात रमते.

तुझ्या ओल धरणाऱ्या काळ्या रानात वेली माजतील, फुटी वाढत राहतील आणि मणी फुगतील. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, त्यामुळे मोठ्या मण्यात रसाच्या मानाने साल कमी पडून लाल वाइन फिकी होते. पाणी जास्त झालेल्या उसाचा उतारा कसा घसरतो, हे तुला मी सांगायला नको. शिवाय वेलीने पालाश (पोटॅशियम) फार उचलला, तर रसातील आम्लता घटते, आणि आपल्या उन्हाळ्यात ती आधीच टिकत नाही. माळावर मणी बारीक राहतील, उत्पन्नही कमी येईल. तरीही मी माळच निवडेन. मात्र मुरूम अगदीच उथळ असेल, तर वेल होरपळते, आणि अशा वेलीची वाइन कडवट, रुक्ष लागते.

काळ्या रानात खाण्याची द्राक्षे खुशाल लाव, परंतु नदीकाठी क्षार वर आले असतील, तर डॉगरिज या क्षार सोसणाऱ्या खुंटावर कलम केल्याशिवाय नको. जात ठरवण्याआधी माळावर 3 फुटांचा खड्डा खणून मुरूम कुठे लागतो ते पाहा, माती आणि विहिरीचे पाणी दोन्ही तपासून घे, आणि अहवाल मला पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र