१२० ग्रॅमची पुडी

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

धनकवडीत आमच्या कट्ट्यावर सध्या बीटी बियाण्यावरून, म्हणजे जनुक बदलून ज्याच्या झाडातच अळी मारणारं विष तयार होतं अशा बियाण्यावरून, रोज सकाळी जुंपते. कुणाला ते विष वाटतं, कुणाला अमृत. त्या कट्ट्यावर बीटी कपाशी स्वतः लावलेला मी एकटाच. दारव्हा तालुक्यात २००३ ते २०१७, पंधरा हंगाम.

गुण आला, हे आधी कबूल करतो. हिरव्या बोंडअळीसाठी मारायचे फवारे खरंच कमी झाले. तुडतुडे, मावा यांना मात्र बीटीचं सोयरसुतक नाही. त्यांच्यासाठी पंप पाठीवर घ्यावाच लागे.

पण मला सांगायचंय ते पुडीबद्दल. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या सरकीची १२० ग्रॅमची पुडी यायची. ती शेताच्या कडेनं लावायची. तिथं साध्या अळ्या जगाव्यात, बीटी पचवलेल्या एखाद्या पतंगाची जोडी त्यांच्यातल्या पतंगाशी जमावी आणि पुढची पिढी पुन्हा बीटीनं मरणारी निपजावी, असा तो हिशेब. हे मला कळलं फार उशिरा. दुकानदाराला विचारलं होतं, तर म्हणाला, "काका, त्यात काही दम नाही, फेका." मी बांधावर भिरकावली. एका वर्षी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरली, तेवढीच. शिवारात कुणाच्याच कडेला त्या ओळी दिसत नव्हत्या. वर फरदडीचा, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक राखून आणखी कापूस काढायचा मोह. पाणी होतं म्हणून मी फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी ठेवायचो, म्हणजे गुलाबी बोंडअळीची उन्हाळ्यापर्यंतची खानावळ चालू.

२०१७ ला बोंडं बाहेरून ठणठणीत होती. फोडलं की आत बीटी पचवलेली गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी (न उमललेला, खराब कापूस). त्याच हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली. पुढच्या वर्षी मी मुलाकडे पुण्याला आलो.

आता साधी सरकी त्याच पाकिटात मिसळून येते. हे पहिल्याच वर्षी का सुचलं नाही? कडेच्या पाच ओळी मुद्दाम अळीला सोडायच्या, हे चार एकरवाल्याच्या गळी कोण उतरवणार होतं?

बीटी वांगं आपल्याकडे २०१० पासून अडलंय. बांगलादेशात २०१४ पासून लावतात. उद्या ते मार्केट यार्डात आलं तर मी बिनघोर भरीत करून खाईन. पण परवानगी मागणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, की पुरंदरमध्ये दहा गुंठ्यांत वांगी करणाऱ्या बाईनं साधं वांगं कुठं लावायचं आणि त्यातली किडकी वांगी घ्यायची कुणी? परवा आमच्या घरी एका वांग्यात अळी निघाली, तर सूनबाईंनी अख्खं अर्धा किलो कचऱ्यात टाकलं.

आपला,
एक जुना कापूसवाला, धनकवडी, पुणे