खाद्यमहोत्सवात कॉलेजच्या पोरांना पण जागा द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

थंडी सुरू झाली की आपल्याकडं सांगली, कराड, सातारा सगळीकडं कृषी प्रदर्शनं आणि खाद्यमहोत्सवांचे बॅनर लागतात. दरवर्षी घरच्यांना घेऊन आवर्जून जाते, पण गेल्या काही वर्षांत तिथं खायला काय मिळतं तर मोमोज, तंदूर चहा, पनीर चिली आणि वर डीजेचा आवाज. बचत गटाच्या बायका पार कोपऱ्यात बसलेल्या असतात, त्यांच्या स्टॉलवर हुलग्याचं पीठ असतं, खपली गहू असतो, पण ते काय आहे हे त्यांनी कुणाला सांगायचं, आवाजात ऐकू तर आलं पाहिजे ना.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझी भाची इटलीत नोकरीला आहे, ती तुरीन शहरातल्या तेर्रा माद्रे नावाच्या आंतरराष्ट्रीय खाद्यजत्रेला जाऊन आली आणि तिनं जे सांगितलं ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये. ही जत्रा दर दोन वर्षांनी भरते, 2024 ला 26 ते 30 सप्टेंबर अशी झाली. भरवणारी संस्था स्लो फूड, म्हणजे 1986 मध्ये रोममध्ये मॅकडोनाल्ड्सला जो विरोध झाला त्यातून कार्लो पेत्रिनी यांनी उभी केलेली चळवळ. 2004 ला पहिली तेर्रा माद्रे झाली तेव्हाच 130 देशांतले सुमारे 5000 शेतकरी, मच्छीमार, पशुपालक आले होते. आणि त्याच वर्षी या लोकांनी पोलेंझो गावात एक विद्यापीठ काढलं, खाद्यविज्ञानाचं, गॅस्ट्रोनॉमिक सायन्सेस म्हणतात.

आता विद्यापीठ म्हटल्यावर मला वाटलं हॉटेल मॅनेजमेंट असणार. तसं नाहीये. तिथं पोरं शेती, इतिहास, मानववंशशास्त्र, अर्थकारण शिकतात, चव आणि वास कसा ओळखायचा हे शिकतात, आणि अभ्यासाचा भाग म्हणून चीज करणाऱ्यांच्या, द्राक्षवाल्यांच्या, मच्छीमारांच्या दारात जाऊन बघतात. जत्रा भरली की हीच पोरं तिथं कामाला. चव घेण्याचे वर्ग आणि चर्चा असतात, आणि आधीच्या जत्रांमध्ये तर पर्सनल शॉपर म्हणून विद्यार्थी लोकांना सोबत घेऊन बाजारात फिरायचे, कुठल्या स्टॉलवर काय आहे, ते कसं बनतं, कुणी बनवलंय, विकत घेताना काय बघायचं, सगळं समजावून. भाचीला तिथं एका पोरीनं चीजचा तुकडा दिला पण लगेच खाऊ नाही दिला, आधी मोडून वास घ्यायला लावला, मग सांगितलं की गाई उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात चरतात तेव्हाच्या दुधाचं चीज वेगळं आणि हिवाळ्यात गोठ्यात वाळलं गवत खातात तेव्हाचं वेगळं, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून खायला दिली. भाची म्हणाली मावशी, मला फरक खरंच कळला गं, आणि मग किंमत जास्त का आहे हे विचारावंच लागलं नाही.

हीच गोष्ट मला आपल्याकडं हवी आहे. खपलीचंच घ्या ना. इटलीत गार्फान्याना म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथला फार्रो म्हणजे आपला खपली गहूच, एकच जात. त्यांनी त्याला 1996 मध्येच युरोपचं भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, आज तो दिमाखात विकला जातो. आपल्या कृष्णाकाठी खपली पिढ्यान् पिढ्या पेरतात, तांबेरा रोगाला सहसा दाद देत नाही, हलक्या जमिनीत पण येतो. पण मळणीत साध्या गव्हासारखा दाणा मोकळा होत नाही, टरफल चिकटून राहतं, मग पाण्याचा हात लावून उखळात कांडायचा, पाखडायचा, परत कांडायचा. माझी आई यात्रेच्या आदल्या दिवशी हे करायची, रात्री भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात गूळ, सुकं खोबरं, खसखस, सुंठ घालून खीर, दाणा फुटलेला पण पीठ न झालेला, वरून दूध आणि तूप. मिरज-जत भागात हुग्गी म्हणतात. आता मला सांगा, महोत्सवात आलेल्या वीस वर्षांच्या पोराला हा दाणा टरफलासकट आणि टरफलाशिवाय हातात देऊन कोण दाखवतं? नुसतं पाकिटावर 'शुगर फ्री गहू' लिहून विकतात, ते तर चुकीचंच आहे, गहू तो गहूच, त्यात पण पिष्ट असतंच, डायबेटिसवाल्यांनी बिनधास्त खाऊ नये.

हळदीचं पण तसंच. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे असंच भौगोलिक मानांकन, मिळालं, बातम्या आल्या, आनंद झाला. पण सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची पेवं किती पोरांनी बघितलीत? जमिनीत खोल खोदलेली, तोंड अरुंद आणि आत ऐसपैस, तिथली मातीच अशी घट्ट की पाणी झिरपत नाही, आणि वरून बंद केलं की आत हवा नाही म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं राहायची. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, प्राणवायू नसतो, जीव जाऊ शकतो. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी गेलं, नंतर माल गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजकडं वळला. पेव कसं खोदायचं, आतून सारवायचं कसं, हे माहीत असणारे लोक आता म्हातारे झालेत. पोलेंझोच्या विद्यापीठाचा याच कामाचा एक प्रकल्प आहे, आठवणींची कोठारं म्हणता येईल असा, ज्यात जुन्या शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या व्हिडिओ मुलाखती घेऊन जपून ठेवतात. आपल्याकडं आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, कॅमेऱ्यासाठी वेगळा खर्च सुद्धा नाही.

साताऱ्याकडं कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, माण-खटावची बाजरी, मटकी आहे, ते तिकडच्या वाचकांनी लिहावं, मला सांगलीचं जास्त माहीत.

तर माझी मागणी साधी आहे. या दोन्ही जिल्ह्यांत कृषी महाविद्यालयं आहेत, गृहविज्ञान शिकवतात, हॉटेल मॅनेजमेंट शिकवतात. पुढच्या हंगामात जो कुणी महोत्सव भरवेल त्यानं दहा-पंधरा पोरापोरींना आधी महिनाभर शेतकऱ्यांकडं, बचत गटांकडं पाठवावं आणि मग महोत्सवात त्याच स्टॉलशेजारी उभं करावं, एक टेबल, दाणे, पीठ, शिजवलेला पदार्थ आणि सांगायला एक जण. कॉलेजनं त्याचे मार्क द्यावेत, म्हणजे पोरं मनावर घेतील. मागच्या वर्षी मी एका आयोजकांना हे बोलले होते, तर ते म्हणाले मॅडम जागेचं भाडं निघायला पाहिजे, लोक खायला येतात ऐकायला नाही. मला हे पटत नाही, भाचीनं ऐकूनच तर दोन्ही प्रकारचं चीज विकत घेतलं. आणि बचत गटाचे स्टॉल कोपऱ्यातून काढून दारापाशी लावा, डीजे तेवढा वेळ बंद ठेवा, याला तर एक पैसा लागत नाही.

हरिपुरात पेवाची माहिती असलेले दोन आजोबा माझ्या ओळखीचे आहेत, आणि घरी अजून उखळात खपली कांडणाऱ्या काही बायका पण. ज्या कॉलेजला मुलाखती घ्यायच्या असतील त्यांनी आपल्या पेपरकडं कळवावं, मी स्वतः सोबत येईन.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली