"१३.५६६ कितीपैकी?" ह्याचं उत्तर पेपरातच यायला हवं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोमवारच्या (२७ मे २०२४) अंकात क्रीडा पानाच्या अगदी तळाशी दीपा कर्माकरची बातमी होती, ताश्कंदच्या आशियाई आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत वॉल्टवर, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून उडी मारायच्या प्रकारात, गोल्ड. वाचून डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत. मग परत वाचली तेव्हा लक्षात आलं की सगळ्या मिळून सहा ओळी आहेत, त्यात "१३.५६६ गुण" हा एकच आकडा आहे आणि शेजारचा फोटो तर बीमवरचा, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवरचा आहे. हे माझ्या बारा वर्षांच्या मुलीने मला दाखवलं, कात्री घेऊन बसली होती ती, बातमी कापून जिममध्ये लावायला. एखाद्या बॉलरने पाच विकेट घेतल्या आणि फोटो त्याच्या बॅटिंगचा छापला तर तुमच्या ऑफिसात फोन थांबणार नाहीत. इथे कोणीच फोन केला नसेल, म्हणून मी लिहितेय.

मुलगी सहा वर्षं जिम्नॅस्टिक्स करतेय, त्यामुळे मीही सहा वर्षं जिमच्या बाकावर बसतेय आणि स्कोअरिंग तिथेच बसून शिकले. बातमी आली त्या दिवशी बिल्डिंगमध्ये, नातेवाईकांच्या ग्रुपवर, सगळीकडे अभिनंदन चालू होतं आणि त्यातच पहिला प्रश्न आला, "१३.५६६ कितीपैकी?" अगदी बरोबर प्रश्न आहे. आणि बातमीत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं.

उत्तर असं की "पैकी" काही नसतंच. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात अजून १९७६ चं मॉन्ट्रियल आहे, नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले आणि बोर्डावर १.०० दिसलं कारण दहा दाखवायची सोयच नव्हती. ती पद्धत २००६ मध्ये गेली. त्याआधी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सगळ्या उपकरणांच्या एकत्रित स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगचा पॅरलल बार्सचा सुरुवातीचा मार्क (ज्यातून चुका वजा करायच्या तो) चुकून ०.१ ने कमी धरला गेला होता, तो ब्रॉन्झवर राहिला, गोल्ड अमेरिकेच्या पॉल हॅमला गेलं आणि मोठा वाद झाला, त्यानंतरच पद्धत बदलली. आता दोन भाग असतात. एक डी स्कोअर, म्हणजे तुम्ही केलेला प्रकार किती अवघड आहे, आणि दुसरा ई स्कोअर, म्हणजे तो किती सफाईने केला. ई दहापासून सुरू होतो आणि खाली येत जातो, छोटी चूक ०.१, मधली ०.३, मोठी ०.५ आणि पडलं तर सरळ १.०. दोन्हींची बेरीज करायची, लाइनबाहेर पाय गेला वगैरे असेल तर तेवढी पेनल्टी वजा करायची. वॉल्टच्या फायनलला दोन वेगवेगळे वॉल्ट मारायचे आणि त्यांची सरासरी. संपलं. एवढं समजायला कोणाला जिमच्या बाकावर सहा वर्षं बसावं लागू नये.

दुसरा प्रश्न जरा टोचणारा होता, एका नातेवाईकांनी विचारला, की २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला १५.०६६ ला चौथी आली होती आणि आता १३.५६६ ला गोल्ड, म्हणजे स्पर्धाच हलकी असणार. आशियाई स्पर्धा आणि ऑलिम्पिक फायनल एकच नव्हे हे मला मान्य आहे, पण हे दोन आकडे असे शेजारी ठेवताच येत नाहीत हो. नियमांचं पुस्तक दर ऑलिम्पिकनंतर बदलतं. दीपाचा रिओचा प्रोदुनोव्हा (टेबलावर हात टेकून पुढे दोन कोलांट्या मारायचा वॉल्ट) डी ७.० चा होता, त्यावर ई ८.२६६, एकूण १५.२६६. २०१७ पासून त्याच प्रोदुनोव्हाची किंमत ६.४ केली, म्हणजे तोच वॉल्ट तस्साच मारला असता तरी १४.६६६ च आले असते, तिने काहीही कमी न करता ०.६ गेले. हे माहीत नसलं की वाचणाऱ्याला वाटतं पोरगी घसरली.

आणि खरी गोष्ट तर दशांशातच आहे, जी तुमच्या सहा ओळींत आलीच नाही. ताश्कंदला दुसरी आली उत्तर कोरियाची किम सोन-ह्यांग, १३.४६६, तिसरी तिच्याच देशाची जो क्योंग-ब्योल, १२.९६६. म्हणजे गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये ०.१. सरासरीत ०.१ म्हणजे दोन्ही वॉल्ट मिळून ०.२. लँडिंगला पाय छोटासा हलला की ०.१ जातो, म्हणजे ढोबळमानाने दोन छोट्या पावलांवर हे गोल्ड ठरलं. आता रिओचं बघा. स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरला ब्रॉन्झ १५.२१६ ला मिळालं, फरक ०.१५०, दोन वॉल्ट मिळून ०.३, म्हणजे लँडिंगचं एक मोठं पाऊल. प्रोदुनोव्हावरून दीपा उतरली तेव्हा पार खाली बसायची वेळ आली होती ते ज्यांनी त्या रात्री टीव्हीवर बघितलं त्यांना आठवत असेल. एका पावलावर ऑलिम्पिक मेडल गेलं आणि आठ वर्षांनी दोन पावलांवर आशियाई गोल्ड आलं, ते सुद्धा तिशीत, २०१७ ची गुडघ्याची सर्जरी आणि जुलै २०२३ पर्यंतची २१ महिन्यांची डोपिंगची बंदी, सगळं मागे टाकून. बंदीचं मी लपवत नाही, तेही लिहा, पण पूर्ण लिहा.

शिवाय जिम्नॅस्टिक्सच्या या आशियाई चॅम्पियनशिपमध्ये (एशियन गेम्स वेगळे) भारताच्या कोणत्याही जिम्नॅस्टचं हे पहिलंच गोल्ड आहे. याआधी सगळी ब्रॉन्झ, आशिष कुमारचं २००६ मध्ये फ्लोअरवर, दीपाचंच २०१५ मध्ये, प्रणती नायकची २०१९ आणि २०२२ ची. ही यादी एका ओळीत बसते.

तिसरा प्रश्न मुलीच्या मैत्रिणीच्या बाबांचा, गोल्ड मिळालं तर पॅरिस ऑलिम्पिकला का नाही? कारण ताश्कंदमधून ऑलिम्पिकचं तिकीट ऑल-अराउंडवर होतं, म्हणजे वॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर चारही मिळून, आणि त्यात दीपा ४६.१६६ वर सोळावी होती. ते तिकीट फिलिपिन्सच्या एमा मालाबुयोने घेतलं. हे न सांगितल्यामुळे लोक फेडरेशनला शिव्या घालत बसले, दीपाला मुद्दाम डावललं म्हणून. फेडरेशनवर रागवायची बाकी कारणं असतील, पण हे ते नव्हे. आणि याच स्पर्धेत उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना, वय ४८, आठ ऑलिम्पिक खेळलेली, नवव्यासाठी आपल्याच देशात उतरणार होती आणि दुखापतीमुळे उतरूच शकली नाही. रिओच्या फायनलमध्ये दीपासारखाच प्रोदुनोव्हा मारणारी ही बाई! मला ते वाचून दीपाच्या गोल्डइतकंच भरून आलं.

हे फक्त भारतीयांच्या बातमीचं आहे असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँटवर्पच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची बातमी बऱ्याच ठिकाणी वाचली, अमेरिकेची सिमोन बाइल्स वॉल्टला पडली तरी सिल्व्हर, आणि सगळे म्हणायला लागले की मोठं नाव आहे म्हणून जजेसनी दिलं. तसं मुळीच नव्हतं. तिचा युर्चेंको डबल पाइक (पाठमोरं टेबलावर जाऊन मागे दोन कोलांट्या मारायचा वॉल्ट) डी ६.४ चा होता, तो त्याच स्पर्धेच्या क्वालिफिकेशनमध्ये मारल्यावर तिच्या नावाने नियमांच्या पुस्तकात गेला, तिच्या नावाचा तो पाचवा प्रकार. तिथे कोच सेफ्टीसाठी मॅटवर उभे राहिले म्हणून ०.५ कापले तरी १५.२६६ आले. फायनलला ती त्याच वॉल्टवर पडली, पूर्ण १.० गेला, आणि अवघडपणाच्या जोरावर दोन वॉल्टची सरासरी १४.५४९ राहिली. ब्राझीलची रेबेका आंद्राजे १४.७५० ने गोल्ड घेऊन गेली, दक्षिण कोरियाची यो सो-जंग १४.४१६ ने तिसरी. बाइल्स पडली नसती तर सरासरीत अर्धा पॉइंट वाढून ती सहज पहिली आली असती. जजेसनी कोणालाच काही फुकट दिलं नाही, पण हे कळायला डी, ई आणि पेनल्टी, तीनच्या तीन आकडे समोर लागतात.

म्हणून मागणं अगदी साधं आहे. जिम्नॅस्टिक्सचा निकाल छापताना नुसता एकूण आकडा नको, डी किती आणि ई किती तेही द्या, पहिल्या तिघांचे द्या, आणि खाली दोन ओळींत सांगा की फरक कशावर पडला, लँडिंगवर की अवघडपणावर. क्रिकेटच्या स्कोअरकार्डात तुम्ही कॅच कोणी घेतला हेही छापता, वाइड किती नोबॉल किती तेही छापता, आणि आम्ही सगळे ते वाचायला लहानपणी पेपरातूनच शिकलो ना, शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. हेही तसंच शिकू. जागा नाही म्हणाल तर मी वर दिलेले ताश्कंदचे तीन स्कोअर मोजून बघा, किती मिलीमीटर लागतात. आणि फोटो लावताना कृपा करून उपकरण बघा, उपकरण ओळखणारं ऑफिसात कोणी नसेल तर जवळच्या कुठल्याही जिममधल्या दहा वर्षांच्या पोराला विचारा, तो एका नजरेत सांगेल.

मुलीने शेवटी बातमी लावली, पण बीमचा फोटो कापून टाकला आणि त्या जागी पेन्सिलने वॉल्टिंग टेबल काढलं, खाली तिन्ही स्कोअर स्वतः लिहिले. आता तिच्यापेक्षा लहान मुलीसुद्धा तिथे उभ्या राहून वजाबाकी करत असतात.

पॅरिसला भारताची कोणीच जिम्नॅस्ट नाही, त्यामुळे आपल्याकडे या खेळाला तेव्हा किती जागा मिळेल ह्याची मला काळजी वाटते. महिलांच्या वॉल्टची फायनल शनिवारी ३ ऑगस्ट २०२४ ला आहे, आपल्या संध्याकाळी, म्हणजे छपाईच्या वेळेआधी निकाल हातात असेल. रविवारच्या अंकात डी आणि ई ची जागा तेवढी ठेवा.

आपली,
एका जिम्नॅस्टची आई आणि तुमची जुनी वाचक