डब्यावर ४ ते ७ पीएसआय, गेजवर ११: तुमच्या इलेक्ट्रिक फ्युएल पंपाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
निर्यात व ग्राहक सेवा विभाग

महोदय,

पत्र मराठीत लिहितोय. इंग्रजी ईमेलला ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ याच्या पुढे काही आलं नाही, आणि काल रात्री तुमच्या हेल्पलाइनवर जे ऐकून घ्यावं लागलं तेही मराठीतच होतं.

पंप तुमचाच आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देत नाही. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा, बारा व्होल्टचा, कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठीचा, निर्यातीच्या लाल-पांढऱ्या डब्यातला. डब्यावर ‘४ ते ७ पीएसआय’ (म्हणजे पेट्रोलचा दाब, पाउंड प्रति चौरस इंच) आणि त्याखाली त्याहूनही ठळक ‘रेग्युलेटरची गरज नाही’. (रेग्युलेटर म्हणजे दाब कमी करणारा भाग.) माझ्या दाब मोजायच्या गेजवर हा पंप ११ दाखवतो. वितरकाने बदलून दिलेला दुसराही ११ ला जाऊन टेकतो. गेज खोटं बोलत असेल म्हणून शेजाऱ्याचं आणून लावलं, पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजलं. व्होल्टेज बरोबर, काटा ११ वर.

११ पीएसआयने काय होतं हे तुमच्या इंजिनिअर मंडळींना ठाऊक असणारच. हेल्पलाइनला नाही, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि नीडल सीटवर बसून वाट बंद करते. ती एवढीशी नीडल सहा-सात पीएसआय धरून ठेवते. अकराला तिचं काही चालत नाही. वाटी भरून वाहायला लागते, पेट्रोल व्हेंटमधून, म्हणजे वाटीच्या हवेच्या भोकांतून, वर येतं आणि खाली इंजिनाच्या इनटेकवर सांडतं. आमच्या गाडीत एक्झॉस्टचे पाइप बॉनेटला भोकं पाडून सरळ वर काढलेत, मुद्दाम ठोकाठोकीच्या डर्बीच्या गाड्यांत तसेच काढतात. कार्ब्युरेटरपासून ते वीत-दीड वीत अंतरावर. शेडमध्ये इंजिन चालू केलं तर काळा धूर, फटफट, आणि बंद. एअर क्लीनर काढून बघतो तर दोन्ही व्हेंटच्या तोंडाशी पेट्रोल उकळी आल्यासारखं वर येतंय, आणि इनटेकच्या खोलगट भागात बोटाचं पेर बुडेल एवढं साचलंय. पाइप तेव्हा पुरते तापले नव्हते, म्हणून तुम्हाला हे पत्र माझ्याकडून येतंय. नाहीतर वकिलाकडून आलं असतं.

आता गाडी. १९८५ ची शेव्हरले कॅप्रिस, त्यात ३५० घन इंचांचं इंजिन, चालवणारा माझा मुलगा. इथे ओहायोत आमच्या काउंटीच्या जत्रेत उन्हाळा संपता संपता डिमॉलिशन डर्बी असते. पाणी मारलेलं मातीचं रिंगण, कडेने काँक्रीटचे ठोकळे, आत जुन्या गाड्या एकमेकींना ठोकतात, शेवटपर्यंत जी हलती राहते ती जिंकते. रेडिएटर वाचवायचा म्हणून जो तो मागच्या अंगाने ठोकतो. आणि कॅप्रिसची मूळ टाकी असते डिकीखाली, मागच्या ॲक्सलच्याही मागे. म्हणजे दणका बसणार बरोबर तिथेच. त्यामुळे मूळ टाकी काढून टाकायची आणि छोटी लोखंडी टाकी गाडीच्या आत, जिथे मागची सीट होती तिथे बसवायची, हा आमच्या जत्रेचा नियम आहे. नियम जागोजागी थोडे बदलतात, हा सहसा बदलत नाही.

आमची टाकी पाच गॅलनची, जाड पत्र्याची. फ्लोअरमधून आरपार बोल्ट, खालून तळहाताएवढे वॉशर, वरून दोन लोखंडी पट्ट्या, त्यावर रबरी मॅट. पंप टाकीला लागून, तिच्या तळाच्या पातळीत, कारण असले पंप ढकलतात चांगलं आणि ओढतात वाईट. तुमच्या माहितीपत्रकातल्या चित्रात पंप इंजिनाशेजारी, टाकीच्या बराच वर लावलेला दाखवलाय. चित्र काढणाऱ्याने पंप हातात घेतला होता की नुसता फोटो बघितला होता, कोण जाणे. ती वेगळी तक्रार आहे, तूर्त बाजूला ठेवतो.

इंजिनावरचा मूळ यांत्रिक पंप का ठेवला नाही, असंही विचारून झालंय. तो या इंजिनाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात, खाली असतो. पुढून एक फटका बसून इंजिन सरकलं की त्याची होज ओढली जाते, आणि खेळ तिथेच संपतो. इलेक्ट्रिक पंप आत सुरक्षित राहतो. पण त्याचा एक मोठा दोष आहे: इंजिन थांबलं तरी तो थांबत नाही. होज तुटली तरी ढकलतच राहतो. म्हणून डॅशबोर्डवर मोठा स्विच, त्याच्यावर रंगाने लिहिलेलं, मुलाच्याही हाताला येईल आणि बाहेरून धावत आलेल्या आगवाल्याच्याही. शिवाय ऑइल प्रेशरचा स्विच, ऑइलचा दाब पडला की रिले सुटतो आणि पंप बंद. प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प. डर्बीच्या आधी तपासनीस खिडकीतून अर्धा आत वाकून टाकी दोन्ही हातांनी हलवून बघतो, हलली तर गाडी ट्रेलरवर परत. हे सगळं का, तर टाकी मुलाच्या पाठीमागे हातभर अंतरावर आहे. आणि एवढं सगळं करून पुढे कार्ब्युरेटरला दाब किती जाणार, हे मी ठरवलं तुमच्या डब्यावर छापलेल्या आकड्यावरून.

आता कालचा फोन. तुमचं ऑफिस सकाळी दहाला उघडतं तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा होतात. मी जागा राहिलो. बराच वेळ सनई ऐकली. मग एक तरुण मुलगा आला, बोलायला गोड.

“वाहन कोणतं, सर?”

“शेव्हरले कॅप्रिस, १९८५.”

“ती यादीत येत नाहीये सर. ‘इतर’ टाकतो. वापर घरगुती की व्यावसायिक?”

“डिमॉलिशन डर्बी.”

कीबोर्डचा आवाज थांबला. मग मी त्याला वर लिहिलंय तेवढं सगळं सांगितलं: रिंगण, टाकी, स्विच, नीडल, ११ पीएसआय. त्याने ऐकून घेतलं, हे कबूल करतो. आणि विचारलं,

“म्हणजे सर, गाडी तुम्ही मुद्दाम ठोकता?”

“हो.”

“मग सर, अपघात वॉरंटीत बसत नाही.”

“अपघात झालेलाच नाही. गाडी अजून रिंगण बघायची आहे. शेडमध्ये जॅकवर उभी आहे.”

“पण सर, पुढे ठोकणारच होतात ना?”

महोदय, हे वाक्य पुन्हा वाचा. मी काल रात्रीपासून वाचतोय. पुढे कधीतरी ठोकली जाणार आहे म्हणून आज जॅकवर उभ्या असलेल्या गाडीतला पंप अपघातग्रस्त! या हिशोबाने तुम्ही विकलेली एकही वस्तू वॉरंटीत बसायला नको, कारण कधी ना कधी ती भंगारात जाणारच आहे. मी त्याला म्हटलं, बाबा, मी ठोकण्याचं विचारत नाहीये, मी आकडा विचारतोय. डब्यावर सात, गेजवर अकरा. यातला खरा कुठला? तो म्हणाला, सिनिअरना देतो. पुन्हा सनई.

सिनिअर आले. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते मध्येच हसले. हसू दाबून म्हणाले, “काका, रागावू नका, पण गाडी शेवटी फोडायचीच आहे तर पंपाचं एवढं काय घेऊन बसलात?”

मी म्हटलं, गाडी फोडायची आहे, आत बसलेला मुलगा नाही.

यावर दोन क्षण शांतता. मला वाटलं, पोचलं. तर साहेब म्हणतात, “मग काका, असले खेळ खेळूच देऊ नका ना. आणि समाधान होत नसेल तर एक रेग्युलेटर लावून टाका.”

रेग्युलेटर. ज्याची गरज नाही असं तुम्हीच डब्यावर छापलंय, तो. मी माहितीपत्रक समोर धरून त्यांना कलम वाचून दाखवलं: पंपाच्या पुढे किंवा मागे अन्य कंपनीचा भाग जोडल्यास वॉरंटी रद्द. तुमच्या कंपनीचा रेग्युलेटर आहे का? नाही, आम्ही बनवत नाही. म्हणजे नाही लावला तर पेट्रोल उतू जाणार आणि लावला तर वॉरंटी जाणार. “तसं काही नाही काका, बघू आपण,” म्हणाले. काय बघणार ते सांगायच्या आत फोन कट झाला. केला असं म्हणत नाही. मी संयम ठेवून लिहायचं ठरवलंय.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मेसेज आला: आमच्या प्रतिनिधीला किती तारे द्याल? निर्लज्जपणालाही काही वेळकाळ असावा. रात्रीचा दीड वाजला होता.

मुलाने काय खेळावं हे ठरवायला त्याचे आईबाप समर्थ आहेत. तुमच्याकडून मला सल्ला नको, आकडा हवाय. आणि हा प्रश्न डर्बीपुरता नाही. हाच पंप, हाच डबा इथे जुन्या पिकअप आणि जुन्या शेव्हरले रस्त्यावर चालवणारे लोक घेतात. त्यांच्या गाडीत ना पत्र्यात कापलेली भोकं, ना दारात आग विझवायला उभी माणसं. कुणीतरी आजोबा रविवारी नातवंडांना घेऊन निघतील आणि डब्यावर ‘रेग्युलेटरची गरज नाही’ लिहिलंय म्हणून निर्धास्त असतील.

खरं सांगायचं तर हा पंप मी दर्जा बघून घेतला नाही, नाव बघून घेतला. कोल्हापुरात उद्यमनगरात वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे लेथच्या वर भिंतीवर तुमच्या कंपनीचं कॅलेंडर असायचं, ग्रीसच्या बोटांचे ठसे उमटलेलं. तुमचा माल आला की वडील तो मोजायला मायक्रोमीटर काढायचे नाहीत. दुसऱ्या कुणाचा आला की काढायचे. इथे वितरकाच्या शेल्फवर ते नाव आणि खाली ‘पुणे’ दिसलं तेव्हा शेजारचा अमेरिकन पंप मी परत जागेवर ठेवला. पोराला वर अर्धा तास भाषणही दिलं, आपल्याकडचा माल कसा असतो यावर. आता रोज जेवताना तो मला विचारतो, “बाबा, आज किती पीएसआय?”

तुमच्याकडे टेस्ट बेंच असणारच. या बॅचमधले दोन पंप काढा, पुढची वाट बंद करून साडेतेरा व्होल्टला किती दाब येतो ते मोजा आणि तो आकडा मला लेखी कळवा. सिरियल नंबर सोबतच्या फोटोत आहेत, गेजचे फोटोही आहेत. जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग जास्त कडक आलीय, की दुसऱ्या मॉडेलची मोटर या डब्यात गेलीय, ते तुम्ही शोधा, तुमचं काम आहे. तोपर्यंत या बॅचची विक्री इथे थांबवा आणि डब्यावरचं ते वाक्य काढा. पहिल्या पंपाचे पैसे, कार्ब्युरेटरच्या नव्या नीडल-सीटचे आणि गॅस्केटचे पैसे परत हवेत. ‘सदिच्छा म्हणून’ कूपन पाठवू नये.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर कार्डाच्या बँकेकडे व्यवहार वादग्रस्त म्हणून नोंदवणार आहे. त्याशिवाय इथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे वाहनांच्या सुट्या भागांचीही तक्रार घेतात. तिथे फॉर्म भरताना ‘वापर घरगुती की व्यावसायिक’ एवढ्यावर कुणी अडत नाही. आणि जत्रेत गाड्या उभ्या असतात त्या आवारात बातमी किती वेगाने फिरते याची तुम्हाला कल्पना नाही. तिथे मी दोन्ही पंप आणि गेज टेबलावर मांडून ठेवीन, ज्याला बघायचं त्याने बघावं. डब्यासकट.

गाडीवर सध्या वितरकाच्या शेल्फवरचा तो अमेरिकन पंप बसवलाय. साडेसहा दाखवतो.

पंप परत हवे असतील तर पत्ता आणि कुरिअरचा खर्च दोन्ही पाठवा. पेट्रोल लागलेली वस्तू इथलं पोस्ट घेत नाही, त्यामुळे ते आधी पूर्ण रिकामे करून, वाळवून, तोंडं बंद करून द्यावे लागतील. ते मी करीन. फोन करायचा असेल तर इथल्या दिवसा करा, आणि ज्याने पंपाला एकदा तरी गेज लावलंय अशा माणसाला करायला सांगा.

आपला,
(सध्या तरी) ग्राहक
ओहायो, अमेरिका

सोबत: पावती, दोन्ही पंपांचे व गेजचे फोटो, डब्याचा चारही बाजूंनी फोटो