रात्रपाळीच्या सिस्टरांना

सिस्टर, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. मी आर्णीकडचा, खाट नंबर ४ वाल्या बाबांचा मुलगा.

कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी झाली होती, फवारलेलं औषध उलट बाबांच्याच अंगावर येत होतं. संध्याकाळी तोंडाला फेस, अंग घामानं चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी आम्ही बाबांना भिजल्या सदऱ्यासकट गाडीत टाकलं. वाटेतल्या एका खाजगी दवाखान्यात सलाईन लावून 'सकाळी पाहू' म्हणाले, त्यात दीड तास गेला.

तुम्ही आधी कात्रीनं सदरा फाडला. साबणानं केसांपासून नखांपर्यंत धुवायला लावलं. म्हणालात, "कातडीतून अजून आत जाऊन राह्यलं." विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, सुरू झालं तेव्हा मी सारखा बाहुल्याच पाहायचो. तुम्ही म्हणालात, डोळे राहू द्या, छातीतली घरघर थांबली का ते पाहायचं.

दुसऱ्या दिवशी बाबा बोलले. "सोयाबीन सोंगलं का रे?" आम्ही पेढ्यांचं बोलू लागलो.

तिसऱ्या रात्री तुम्ही खाटेजवळ आलात. "बाबा, उशीवरून मान उचला बरं." बाबा हसले, जोर लावला, मान काही उठली नाही. तुम्ही पुन्हा सांगितलं नाही, थेट डॉक्टरांना बोलवायला गेलात. या विषात एक ते चार दिवसांत आधी मान ढिली पडते, मग श्वासाचे स्नायू, हे मला नंतर कळलं. श्वास अडकायच्या आत घशात श्वासाची नळी घातली गेली. गावात सगळे व्हेंटिलेटरचं नाव घेतात; मान कोणी उचलायला लावली, हे कोणी विचारत नाही.

पुढचे नऊ दिवस मी काचेतून पाहिले. खाटेची उशाकडची बाजू कायम उंच. दर दोन तासांनी कूस बदलायची, तोंड साफ करायचं. झोपू द्या ना त्यांना, असं मी चिडून बोललो होतो, त्याची माफी. पाठीला जखम झाली किंवा लाळ फुप्फुसात उतरली, तर विषातून वाचलेला माणूसही त्यात जातो, हे तुम्ही न रागावता सांगितलंत. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर असावी म्हणतात. तुमच्याकडे तीन खाटा होत्या, अन् प्रत्येक खाटेला जाताना जंतुनाशकानं हात चोळणं एकदाही चुकलं नाही.

नळी निघाल्यावर बाबा बडबडू लागले, सुया ओढू लागले. मला वाटलं, डोकं गेलं. तुम्ही घरून चष्मा मागवला, मला आत बसवलं. "वार सांगा त्यांना, गावचं बोला, दिवसा झोपू देऊ नका." दोन दिवसांत ताळ्यावर आले.

सोयाबीन सोंगून झालं. उरलेली फवारणी केली नाही, पऱ्हाटी येईल तेवढी येईल. बाबा मात्र रोज सकाळी, कोणी न सांगता, उशीवरून मान उचलून दाखवतात.

तुरीला शेंगा धरल्या की सोले घेऊन येतो. डबा परत द्यायचा नाही.

खाट नंबर ४ चा मुलगा