डिलीट न होणाऱ्या फाइलींसाठी धावून आलेल्या दादांचे जाहीर आभार

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. नाव छापू नका म्हणालात म्हणून नुसतं 'दादा' लिहिते. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण तुम्ही सांगितलेलं प्रत्येक डीटीपीवाल्याच्या (म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडणाऱ्याच्या) कामाचं आहे.

ऐन लग्नसराईत माझ्या कॉम्प्युटरवरचा एक जुना मराठी फॉन्ट बिघडला. पीडीएफ काढली की 'आशीर्वाद'मधला रफार गायब! नवी प्रत टाकायची तर जुनी हलेना. फाइल वापरात आहे, एवढाच निरोप यायचा. कुणी म्हणालं, फॉरमॅट मारा. कुणी लॉक तोडणारं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवायला सांगितलं. तुम्ही फोनवर पहिलं वाक्य बोललात ते असं : "ताई, आधी सगळं काम पेनड्राइव्हवर घ्या. मग बघू फाइल कुणी धरून ठेवलीये."

कोरल, पेजमेकर हे मांडणीचे प्रोग्रॅम बंद केले तरी फाइल अडलेलीच. मग तुम्ही शटडाउन नको, रिस्टार्ट करा म्हणालात, आणि घाई असूनही कारण समजावलंत. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की शटडाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. रिस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं. त्यानेही भागलं नाही, तेव्हा धरून बसलेली सापडली : विंडोजची फॉन्ट कॅशे सर्व्हिस, म्हणजे फॉन्टची माहिती हाताशी ठेवणारा, मागे चालू असलेला प्रोग्रॅम. सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन ती तात्पुरती डिसेबल, मग रिस्टार्ट, मग डिलीट. फाइल निमूट गेली. नवा फॉन्ट टाकल्यावर सर्व्हिस पुन्हा ऑटोमॅटिकवर आणायची आठवणही तुम्हीच केलीत.

एरवी एखादी फाइल अडली तर काय करायचं, तेही शिकवलंत. विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटरमध्ये सीपीयूच्या टॅबवर फाइलचं नाव शोधलं की ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडली आहे ते कळतं. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या जादा साधनांच्या संचात २०२२ पासून 'फाइल लॉकस्मिथ' आहे. राइट क्लिक केलं की तेच उत्तर मिळतं. कधी कधी तर एक्स्प्लोररचा प्रीव्ह्यूच फाइल धरून बसलेला असतो, तो बंद केला की झालं. प्रिंटरच्या रांगेत अडकलेलं काम हटत नसेल तर प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवायचा, प्रिंटर्स फोल्डरच्या आतल्या फाइली काढायच्या (फोल्डर नाही!) आणि स्पूलर परत चालू करायचा. हे तर मला आता जवळजवळ रोज लागतं.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती तुमची ताकीद. ज्या फाइलीची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या अंतर्गत खात्याकडे आहे ती विंडोजची स्वतःची, तिची मालकी बळजबरीने घ्यायला जायचं नाही. आणि चालू प्रोग्रॅमच्या हातून फाइल हिसकावली तर तो कोसळू शकतो, सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. माझ्याकडे लोकांच्या घरच्या कार्याचा मजकूर असतो दादा, तो असा गमावणं मला परवडणारं नाही.

पत्रिका वेळेत गेल्या. पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून हक्काने सांगते : तुमच्या घरच्या पुढच्या कार्याची पत्रिका माझ्याकडेच करायची, छपाईसकट.

आपली कृतज्ञ,
डीटीपीवाली ताई